पाळीची पाहुणी

११ जून

उद्या पाहुणे! बेटावर येणारे परदेशी प्रवासी पाळीपाळीनं एकेका घरी उतरतात; बावीस घरं झाली, आता आमची पाळी. आमच्यानंतर शेजारच्या निकानोरा जाऊबाईंची. आनंद व्हायला हवा, पण धास्तीच वाटतेय. पुनो शहरातल्या पर्यटन एजन्सीचा तो उर्रुतिया परत बोटीवर दिसला. त्याला आमची पाळी नको, घरं स्वतः निवडायची आहेत. पलीकडच्या बेटावर तेच झालं — दोन घरांत पाहुणे मावेनात, बाकीचे गेले खाणीत कामाला. जाऊबाई तर एकट्या. भाऊजी गेल्यापासून त्यांचं सगळं या पाळीच्या पैशांवरच चाललंय. पाळी गेली तर खातील काय?

१२ जून

पाहुणी एकच. फ्रान्सची म्हातारी, ओदिल नाव. धक्क्यावरून घरापर्यंत चढताना इथल्या विरळ हवेनं तिचे ओठ निळे पडले! आमच्या घरात हिचं बरंवाईट झालं तर उर्रुतियाला आयतंच कोलीत. सगळ्या बेटाची पाळी बुडेल माझ्यामुळे!

एलेउतेरिओ दारात टोपी विणत बसलेला. म्हणे, "ती नाही मरत. काळजीनं तूच मरशील आधी." नवरा आहे की दगड!

जाऊबाई मात्र मुन्याच्या, आमच्या रानपुदिन्याच्या, पाल्याचा काढा घेऊन धावत आल्या. "सरक गं बासिलिया! रडतेस काय? पाय चोळ तिचे!" अंधार पडेस्तोवर आळीपाळीने चोळत होतो.

१३ जून

जिवंत आहे! दोन वाट्या किन्वाचं सूप प्यायली. धरणीमाय पाचामामा, वाचवलंस गं!

१४ जून

काय करून बसले मी!

ओदिलला बोटीपर्यंत पोचवायला आम्ही तिघं गेलो. तिने मला मिठी मारली, उर्रुतियाला काहीतरी भरभरून सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला आणि भराभरा स्पॅनिशमध्ये बोलत सुटला. मला अर्धंच कळलं — छान घर, प्रेमळ बाई. शेवटी त्याने दोन्ही हातांनी कोकाची पानं पुढे केली. वाटलं, आभार मानतोय. पानांना नाही कोण म्हणतं? घेतली, तोंडात टाकली.

एलेउतेरिओचा चेहरा पांढराफटक. त्याला सगळं कळलं होतं. "अगं, त्याने विचारलं — यापुढे सगळे पाहुणे तुमच्याकडेच पाठवू का!"

आमच्याकडे कुणी काही विचारून पानं पुढे केली आणि ती तोंडात गेली, की शब्द दिला. तोंडानं हो म्हणायची गरजच नाही. त्या मेल्याला हे पक्कं ठाऊक होतं! जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. तशाच पाठ फिरवून घराकडे चालू लागल्या.

१५ जून

पंचांच्या पाया पडले. म्हटलं, मला कळलंच नाही हो. ते म्हणाले, पानं खोटी कशी म्हणायची? उद्या कोण कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवील?

जाऊबाईंचं दार दोनदा ठोठावलं. आत होत्या, खोकल्याचा आवाज आला.

१८ जून

बोट आली. आठ पाहुणे, आठही आमचे. आज पाळी जाऊबाईंची होती. नवी शाल पांघरून त्या धक्क्यावर उभ्या होत्या. मला पाहून बाजूला झाल्या. म्हणाल्या, "या बाईसाहेब, तुमचे पाहुणे आलेत."