सरावाची टोपी

४ मार्च, रविवार

धाकटी आली होती. दोन्ही पोरं नवऱ्याच्या गळ्यात मारून! बस चालवायच्या प्रशिक्षणाला तिचं नाव लागलंय — जुलैपासून. चार वर्षं अर्ज करत होती बिचारी. "ताई, आता तिसरं नको गं मध्येच. गोळ्यांनी माझं डोकं धरतं. तुझ्या दवाखान्यातली ती टोपी दे ना."

दवाखान्यात यायला लाजते. मग काय — खोलीचं दार लावलं, कामाच्या पिशवीतून मापाच्या रिंगा काढल्या. पंच्याहत्तर मिलिमीटरची बसली. मग रबरी टोपी आत, गर्भाशयाच्या तोंडावर कशी बसवायची ते शिकवायला घेतलं, तर ओल्या हातातून सटकून थेट आरशावर! हसून हसून पोट दुखलं दोघींचं. तिसऱ्या खेपेला जमलं तिला. तीच टोपी सरावाला घरी दिली. पंच्याहत्तरचा साठा संपलाय, आला की खरी देईन.

९ मार्च

धाकटीचा फोन. "ताई, जमलं! आता डोळे मिटून बसवते." शाबास म्हटलं.

२ एप्रिल

पंच्याहत्तरच्या आल्या. एक तिच्यासाठी बाजूला ठेवली. रविवारी नेऊन देते.

१५ एप्रिल

राहिलंच. आज पडदे धुतले. पुढच्या रविवारी नक्की.

६ मे

धाकटीला दिवस गेलेत.

"मीच नीट बसवली नसेल," म्हणाली. "तू तर किती समजावून सांगितलंस."

मी विचारलं, "कुठली बसवत होतीस?"

"कुठली म्हणजे? तू दिलेली!"

सरावाच्या टोपीला आम्ही मुद्दाम मधोमध भोक पाडतो, कोणी चुकून तीच वापरू नये म्हणून. मीच पाडते, कात्रीने. आणि प्रत्येक बाईपुढे तीच कॅसेट — ही फक्त सरावाची, हिला भोक आहे, हिच्यावर विसंबू नका. बावीस वर्षांत एकीलाही सांगायची चुकले नाही. आणि सख्ख्या बहिणीला — हसण्याच्या नादात —

पाणी आणायचं निमित्त करून उठले.

८ मे

डॉक्टरीणबाईंनी तिला दोन्ही वाटा नीट सांगितल्या. "पाडायचं मला जमणार नाही," म्हणाली. झालं! प्रशिक्षणाच्या ऑफिसात कळवून आली, तर तिच्यासमोरच तिचं नाव खोडून यादीतलं पुढचं घेतलं. पुन्हा अर्ज करा म्हणे.

तिचा नवरा म्हणाला, "ताई, रबराचा काय भरवसा!" मी मान डोलावली. मान डोलावली मी! स्वतःचीच शिसारी आली.

११ मे

मनाची समजूत घालत बसलेय. भोक काय लपतं? चांगलं करंगळीएवढं असतं. रोज हातात घेत होती, धूत होती. बघायला नको? एवढी बस चालवायला निघालेली बाई!

वा! चूक माझी आणि खापर तिच्या माथी. खरी टोपी माझ्या कपाटात महिनाभर पडून होती, तीही तिनेच ठेवली होती का?

१४ मे

आज दवाखान्यात प्रत्येकीला भोकातून बोट घालून दाखवलं. एक चष्मेवाली वैतागली. "कळलं हो सिस्टर, किती वेळा सांगाल?"

एकदा सांगायला हवं होतं. एकदाच.

२० मे

सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. म्हटलं, टोपीला भोक होतं गं, मी तुला सांगायचं विसरले.

तिने मान वर केली नाही. "ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तू दिलेली — म्हटलं, असंच असत असेल."