आईच्या छातीवरची पट्टी

ती. ताईस,

पाठीत उसण भरल्यामुळे अर्धाच वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? मी बरा आहे. आईचं पुढे लिहितो. ई-मेल अशासाठी, की फोनवरचं बोलणं तिला पलीकडच्या खोलीत ऐकू जातं (हृदय थकलंय, कान नाहीत).

तू पाठवलेली पट्टी खरोखर नवलाची. सायीसारखी पातळ, आई वळली की तिच्या कातडीबरोबर वळणारी, आणि ठोके चुकले की तुझ्या-माझ्या फोनवर एकदम ठणाणा. पण व्हायचं असं, की ठणाणा झाला की मी तिच्या खोलीत धावायचो (एकदा तर तोंडाला दाढीचा फेस तसाच), मला बघून तिला धडधडायचं, मग पुन्हा ठणाणा, आणि तेवढ्यात तुझा फोन. "आई, बरी आहेस ना?" हे तू ज्या आवाजात विचारतेस (रागावू नकोस) त्याने माझाही हात डॉक्टरांच्या नंबरावर जातो. हे चक्र लक्षात यायला मला पंधरवडा लागला. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, हे कुणाला सांगू नकोस.

मग मी दबक्या पावलांनी जाऊन पाहिलं, ती दचकली. मुद्दाम खाकरत गेलो, तरी ठणाणा. शेवटी दारात उभं राहून चेहरा प्रसन्न केला. तो बघून ती म्हणाली, "इतकं वाईट आहे? डॉक्टर काय म्हणाले ते सांग आता."

सांगितलं. आता औषधांनी होण्यासारखं काही उरलेलं नाही, पट्टी वाजली तरी.

"मग ती वाजते कुणासाठी?"

मी हातातला फोन पालथा ठेवला.

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांच्या लाइनी जोडल्या, पण कुणाचं बोलणं कधी चोरून ऐकलं नाही. आणि तुम्ही दोघं माझ्या छातीला कान लावून बसलात, मेल्यांनो!"

पट्टी बदलताना तिची कातडी सोबत निघते. त्या वेळी ती ओठ आवळते आणि मग नर्सबाईंच्या मुलीची चौकशी करते. ती पट्टी काढून टाकावी, असं मला वाटतं. ते तिच्यासाठी वाटतं की माझ्या सुटकेसाठी, असं रोज स्वतःला विचारतो; उत्तर रोज बदलतं.

तुझा,
धाकटा

ता. क. पट्टी काढायला तुझी परवानगी हवी आहे. विचार करून कळव.

आणखी एक ता. क. वरचं खरं नाही. पट्टी मी सोमवारीच काढली. पण पट्टी गप्प झाली असती तर तुझा फोन बोंबलला असता, म्हणून माझ्या छातीवर लावली. काल तू हर्षाने फोन केलास, की आईचे ठोके आता कसे एका लयीत पडताहेत, म्हणून तिकीट पुढच्या महिन्याचं काढतेस. तू इतकी खूश होतीस की माझी जीभ रेटली नाही. ते ठोके माझे आहेत, ताई. आजच निघ. आई तोंडाने काही म्हणत नाही, पण सकाळी तिने शेजारच्या, तुझ्या पलंगावर मला धुतलेली चादर घालायला लावली, आणि सुरकुती राहिली म्हणून पुन्हा घालायला लावली.