चौथ्या दाराला गोष्ट नव्हती

गुरुजी,

आधी मी या हातांनी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. अमरावतीत माझं दुकान आहे, त्याचं दार मी केलं. धामणगावच्या एका अडत्याच्या घरी सागवानी झोपाळा आहे, त्यात एक खिळा नाही, पाहिजे तर उलटा करून पाहा. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रेवाल्याच्या देवघराला कमानी कोरल्या, एकीसारखी दुसरी नाही. लेकीला लग्नात दिलेली पेटी, नातवाचा पाळणा, आणि ज्या तिरडीवर तुम्ही गेलात तिचे बांबू, तेही मीच बांधले. मी कोणत्याही मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो नाही. कापसाच्या जिनिंगच्या आवारात टाकून दिलेली जुनी दारं होती, ती खोलून खोलून शिकलो. कोणती फळी कुठं घुसली, का घुसली, इतकी वर्षं का हलली नाही, हे लाकडानंच सांगितलं. या सगळ्यांत एक वस्तू मी मुद्दाम शेवटी ठेवली. तुमची चार दारांची पेटी.

तुम्हाला आठवत असेल, मी अंजनगावच्या देवळात दाराची चौकट बसवायला आलो होतो. तुम्ही तेव्हा शाळेत मास्तर, आणि हिवाळाभर संध्याकाळी देवळात गोष्टी सांगायचे. आपल्याकडे गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. बाजूला हुंकारा देणारा लागतो, दर वाक्याला ‘हो जी’ आणि दर वळणावर ‘मंग?’ म्हणणारा. तो थांबला की गोष्ट थांबते. तुमचा नेहमीचा म्हातारा त्या दिवशी तापानं फणफणलेला. तुम्ही सांगताय, लोक ऐकताहेत, पण मधल्या जागा नुसत्या उघड्या पडल्या आहेत, चौकट आहे आणि दार नाही अशा. मला ते सहन झालं नाही. मागून मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘मंग?’’

तुम्ही थांबलात. ‘‘कोण होय रे तो?’’

‘‘मी. दारवाला.’’

‘‘मंग दारात काहून बसला? पुढं ये ना बावा.’’

तिथून मी वीस वर्षं तुमच्या उजव्या बाजूला बसलो. गावोगाव तुमच्यासोबत फिरलो. तुमची रीत ठरलेली होती. माणसाच्या आयुष्याचे चार आश्रम, आणि प्रत्येकाची एक जुनी गोष्ट. पण लोक आश्रम विसरायचे, गोष्टीच लक्षात ठेवायचे, याचा तुम्हाला राग यायचा. तेव्हा मी म्हटलं, यांच्या डोळ्यांना दिसेल असं काही करू. तुम्ही गोठ्याची जुनी तुळई काढून दिली, आजोबांच्या वेळची सागवान. त्या लाकडावर रंधा मारला तेव्हा आतून जो वास आला तो मी अजून सांगू शकतो, पण लिहू शकत नाही.

पेटी उभी, चौकोनी. चारी बाजूंना एकेक दार, खाली फिरती बैठक. एक आश्रम सांगून झाला की तुम्ही पेटी हातानं फिरवायचे. पहिल्या दारामागं मी तो मुलगा कोरला, ज्याला गुरूनं गोत्र विचारलं आणि ज्यानं सांगितलं की माझा बाप कोण ते आईलाही ठाऊक नाही. दुसऱ्यामागं ती गृहिणी, दारात उभ्या तपस्व्याला ताटकळत ठेवणारी. नजरेनं बगळी जाळून आलेला तो तापट माणूस, आणि तुम्ही तिच्या आवाजात म्हणायचे, ‘‘थांबा जरा बाप्पा, नवऱ्याले वाढून राहिली. मी का बगळी होय का जळाले?’’ बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तिसऱ्यामागं तो म्हातारा राजा, पोटच्या पोरांकडं त्यांचं तारुण्य मागणारा. तिथं तुमचा आवाज बदलायचा. ‘‘जंगलात जाची गरज नाही. घरातल्या घरात किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या, हाच वानप्रस्थ. अन् मंग उठून उठून कुलूप हलवून पाहू नोका.’’

चौथ्या दारामागं काय कोरू, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काही नोको. संन्याशाले चेहरा नसते, नाव नसते, मंग चित्र कशाचं? म्हणून मी तुळईतली सगळ्यात सरळ रेषांची फळी निवडली आणि कोरी ठेवली. पॉलिशही नाही, नुसती घासून गुळगुळीत. गुरुजी, कोरणं सोपं आहे. कोरी फळी कोरी राहून शोभावी असं करणं, त्याला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तुम्ही ते दार उघडायचे, काही बोलायचे नाही, थोड्या वेळानं लावायचे. मीही हुंकारा द्यायचो नाही. लोक आपोआप उठून चपला शोधायला लागायचे, आणि चपला शोधतानाही कुणी बोलायचं नाही. तुमची सगळी विद्या मला त्या एका क्षणात दिसायची.

तुम्ही रागवायचेही. एकदा गोष्टीतल्या मुलानं उत्तर द्यायच्या आधीच मी ‘हो जी’ म्हणून गेलो. तुम्ही सगळ्यांसमोर गोष्ट थांबवलीत. ‘‘तुले पाठ झाली म्हून हुंकारा देतं का? ऐकून दे. दर वेळी पयल्यांदा ऐकून दे.’’ मला ते लागलं, पण पटलं. तेव्हापासून मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकली. आणि त्या पहिल्या गोष्टीत, गुरू मुलाला जवळ घेतो तिथं, तुम्ही दर वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. ‘‘गोत्र इचारनारे लय भेटतात. खरं ऐकून घेते तो गुरू.’’ माझा बाप जिनिंगमध्ये गठाणी उचलायचा. मी सातवीत शाळा सोडली. त्या हाताचा अर्थ मी माझ्यापुरता लावला, यात माझं काय चुकलं?

बरं, नुसता हातच नव्हता. पेटी पुरी झाली त्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर चहा पिताना तुम्ही स्वतःच्या तोंडानं बोललात. मी विचारलं नव्हतं. ‘‘माह्या मागं ही पेटी तुह्यी, बावा. बसाची जागाही तुह्यी. तुले समद्या येतात. आमच्या पोराले एक येत नाही, अन् त्याले नोकोही.’’ पोरगा तेव्हा पुण्याला कंपनीत. घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि ती म्हणाली, आता तुम्हाला एक चांगलं धोतर पाहिजे.

ते धोतर मी नेसून आलो, तुम्ही जागा सोपवली त्या दिवशी. देऊळ भरलेलं. तुम्ही तिसरं दार सांगितलं, राजा सांगितला, किल्ली सांगितली. मी ‘हो जी’ म्हणालो. मग तुम्ही गळ्यातलं उपरणं काढलं, आणि पुण्याहून आलेल्या पोराच्या गळ्यात घातलं. पेटी त्याच्यासमोर सरकवली. बैठक माझीच, आवाज न करता फिरली. नंतर मला पुढं बोलावलं. शाल, नारळ. ‘‘हे आमचे मिस्त्री. पेटी यायनंच केली. काय हात आहे!’’ टाळ्या झाल्या. मिस्त्री या शब्दाची मला लाज नाही, गुरुजी, तो मी कमावलेला शब्द आहे. पण वीस वर्षं मी तुमचा बावा होतो, आणि एका नारळात मिस्त्री झालो.

जेवायला तुमच्याच घरी थांबवलंत. काकूंनी मला स्वयंपाकघरातच पाट टाकला. भाकर, वांग्याची भाजी, वर तेल. माझ्याकडं न पाहता वाढत होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘म्या म्हटलं होतं यायले. कबूल केलं तं त्यालेच देजा. ऐकतात कोणाचं?’’ तुम्ही मागच्या दारात हात धूत होतात. तिथूनच बोललात, ‘‘पोटचं ते पोटचं असते, बावा. तू काहून मनाले लावून घेतं?’’

पहिलं दार सांगणारा माणूस हे बोलला. माझ्या तोंडात घास होता. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘हो जी.’’

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी बांबू बांधले. राग होताच, पण मी त्याला एक जागा करून दिली होती. म्हटलं, बाप होता, पोरासमोर पाय घसरला. शिकवण खोटी नव्हती. चौथं दार तर कोरंच आहे ना. इतकी वर्षं मी त्या कोऱ्या फळीवर तुम्हाला धरून ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो, लेकीकडं. तिथल्या हॉलमध्ये तुमच्या पोराचा कार्यक्रम होता. जावयानं तिकीट आणलं, मी नाही म्हणालो नाही. मोठा पडदा, कानाला लावायचा माइक, मधोमध माझी पेटी. पोरगा बोलतो चांगलं, खोटं कशाला सांगू. शुद्ध बोलतो. गुरूनं मुलाला गोत्र विचारलं आणि पोरगा थांबला, तुम्ही थांबायचे तिथंच. जागा उघडी पडली. आणि शेवटच्या रांगेतून मी म्हणालो, ‘‘मंग?’’

समोरची बाई वळली. ‘‘काका, शांत बसा ना. मोबाइलवर घेतेय मी.’’

कार्यक्रम संपल्यावर पोरगा धावत मागं आला. लहानपणी दादा म्हणायचा, तसंच म्हणाला. ‘‘दादा, तुम्हीच ना? तुमच्याशिवाय कोण असणार! चला, एक बिजागरी कुरकुरते, जरा बघा.’’ मी स्टेजवर गेलो. चौथ्या दाराची बिजागरी होती. कार्यक्रमात मागून पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की आतल्या फळीवर दिव्याचा उजेड पडला आहे. उजेड नव्हता. तुमचा फोटो होता. गळ्यात हार, हात आशीर्वादाचा.

‘‘कोरी फळी लोकांना कळत नाही, दादा,’’ पोरगा म्हणाला. ‘‘चेहरा लागतो.’’

मी त्याला शिवी देणार होतो. पण माझी सवय वाईट, मी आधी काम पाहतो. फोटो फळीच्या मापाला तंतोतंत कापलेला, स्टीलच्या पट्टीवर ब्लेड ओढून. चारी कोपरे गोल, रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलीनं आखलेले, पेन्सिलीची रेघ अजून दिसते. गुरुजी, शाळेतल्या तक्त्यांचे कोपरे असे गोल करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मी पोराला विचारलं, हा कधी लावला? तो म्हणाला, ‘‘बाबांनीच. मला जागा दिल्यावर, जायच्या आधीच्या दिवाळीत. अमरावतीला जाऊन स्टुडिओत काढून आणला. मला म्हणाले, हलवू नको.’’

जागा पोराला दिलीत, ते मी बापाच्या खाती टाकलं होतं. हे कोणत्या खाती टाकू? पोटचं कोणी नव्हतं तिथं. तुम्ही होतात, पट्टी होती, ब्लेड होतं, आणि माझी कोरी फळी.

बिजागरी मी नीट केली. वाईट काम माझ्या हातून होत नाही. मग त्यानं चहा मागवला आणि आपला विचार सांगितला, नव्या पेट्यांचा आणि माझ्या हुंकाऱ्याचा. मी दोन दिवसांनी फोन करतो म्हटलं.

हे पत्र जाळायचं म्हटलं तरी तुमच्यापर्यंत जाणार नाही, तेव्हा एक खरं सांगून ठेवतो. पेट्यांना मनातल्या मनात नाही म्हणायला मला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नव्हता. ते दोन दिवस हुंकाऱ्यासाठी गेले. पुन्हा कुणाच्या तरी उजव्या बाजूला बसायचं, पुन्हा पहिल्यांदा ऐकायचं, तुमच्या पोराची का होईना, गोष्ट तीच. दुकानात एकटा असताना मी दोनदा ‘हो जी’ म्हणूनही पाहिलं. मग फोन केला.

त्यानं देऊ केलं होतं ते असं: तशाच सहा पेट्या, प्रत्येकीच्या चौथ्या दारात तुमचा फोटो, आणि वर्षभर त्याच्या शेजारी बसून हुंकारा. साडेचार लाख रुपये. मी नाही म्हणालो.