खोली निलेशला, धम्मपालची पेटी अपूर्वाला

मी, कमलाबाई भिवा कासारे, धर्म बौद्ध, वय ऐंशीच्या आसपास (मास्तरांनी शाळेत अंदाजाने लिहिलं तेच धरायचं), शिक्षण चौथीपर्यंत, राहणार लालबाग, मुंबई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण वकीलबाई मायाताई म्हणतात, गुडघ्यांशी कायद्याचा संबंध नाही. मला कोणी धमकावलेलं नाही आणि गोड बोलून फसवलेलंही नाही. आजवर असा कागद केला नव्हता, हा पहिला आणि हाच शेवटचा. मायाताई म्हणाल्या एका पानात आटपा. त्यांना म्हटलं, ऐंशी वर्षं एका पानात कशी आटपू?

एक. दुसऱ्या मजल्यावरची माझी खोली, आणि चाळ पाडून टॉवर झालाच तर तिच्या बदल्यात मिळेल ती जागा, माझा धाकटा मुलगा निलेश याला द्यावी. ह्यांच्या, म्हणजे भिवा कासारे यांच्या, शेवटच्या आजारात आणि नंतर माझ्या दुखण्यात त्यानेच केलं. तोंडाने फटकळ आहे, पण चहा वेळेवर देतो. त्यात कोणी हिस्सा मागू नये.

दोन. माझी बोरमाळ थोरली सून वैशाली हिला. माझा थोरला मुलगा धम्मपाल गेल्यावर तिने माटुंग्याला बिऱ्हाड केलं, नोकरी केली, पोर वाढवली. तेव्हा चाळीतल्या बायका तिला काय काय बोलल्या, ते मला अजून पाठ आहे. कोण बोललं त्यांची नावं लिहीत नाही, त्यातल्या दोघी मयताला येतील.

तीन. बँकेत जे असेल त्यातून माझं पुण्यानुमोदन साधेपणाने करावं. उरेल ते विहाराच्या अभ्यासिकेला. ह्यांची गिरणीतली कात्री, साळखात्यात मागावरचं सूत कापायची, ती निलेशने ठेवावी. त्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते. शेजारची चंपा माझं पितळी पातेलं घेऊन गेली ते आलं नाही. ते मी तिला आजपासून दिलं. आता तरी ते घासताना तिने दार लावून घेऊ नये.

चार. माझं लाटणं नात अपूर्वा हिला. तुम्ही म्हणाल लाटणं कसलं वारसाला देता, म्हणून कारण लिहिते. अपूर्वा, माझ्या धम्मपालची एकुलती एक, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आमच्या घरात विमान कोणी आतून बघितलेलं नाही, आणि ही ते कागदावर काढते. मागे आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझ्या हातातलं लाटणं घेतलं, त्याच्या दोन्ही टोकांना दोरीने गाडीत वाऱ्याला हातात धरतात ते छोटे बॅटरीचे पंखे बांधले आणि म्हणाली, "आजी, हे बघ. पंखे आभाळाकडे तोंड करून फिरले की विमान जागच्या जागी वर उठतं, हेलिकॉप्टरसारखं. धावपट्टी नको. वर गेलं की पंखे असे पुढे वाकवायचे, की साध्या विमानासारखं लांब आणि जोरात जातं."

मी म्हटलं, "आणि कणीक पंख्यात गेली तर?" किती हसली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी पोळ्या करपवल्या.

असलं विमान फार मोठं बांधलं तर फौजेला कशाकशाला उपयोगी पडेल, ते लिहून काढायचं काम तिच्या साहेबांनी तिला दिलं होतं, ते ती सांगू लागली. जवानांची आख्खी तुकडी थेट चौकीपाशी उतरवायची. तोफ नाहीतर जीप पोटाखाली टांगून न्यायची. जहाजावरून उठून किनाऱ्यावर जायचं. दुसऱ्या विमानांना हवेतल्या हवेत तेल पाजायचं, हे तर मला खरंच वाटेना. आणि जखमींना आणायचं.

"जखमी शेवटी गं?" मी विचारलं.

"आजी, लिहिण्यात शेवटी. महत्त्वाने नाही."

"मग पहिलं लिहायला तुझ्या साहेबांच्या पेनात शाई नव्हती का?" हे निलेश बोलला. तो जेवायला बसला होता. चौदा एप्रिलचा दिवस, घरात गोडधोड केलेलं.

इथे थोडं मागचं सांगावं लागतं. धम्मपाल फौजेत, बर्फातल्या चौकीवर होता. वर त्याला आणि जयवंत घाडी या कोकणातल्या पोराला एकदमच छातीत पाणी झालं. छोटं हेलिकॉप्टर आलं. तिथली हवा इतकी विरळ की ते एकालाच उचलू शकत होतं. धम्मपाल म्हणाला, याला न्या, हा लहान आहे. मग हवा बिघडली, ती उघडलीच नाही. जयवंत आता माहीमला राहतो, दर वर्षी येतो, जेवतो, आणि पूर्ण वेळ ताटात बघतो. त्याला मी कधी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नाही, तो जगला हे बरंच झालं.

तर त्या दिवशी निलेश अपूर्वाला म्हणाला, "हे विमान आलं की साहेब लोक अजून वर चौकी टाकतील. पोचवायची सोय झाली ना. मग बसवा पोरांना ढगात."

"काका, मी परत आणायची सोय बघतेय."

"जाताना भरून जातं. येताना पेटी येते. मी उतरवून घेतलीये."

तेव्हा ती म्हणाली, "सोय नव्हती, तरी बाबांना बसवलंच होतं ना वर?"

निलेशने ताटातच हात धुतला आणि उठला. अपूर्वा रात्रीच्या गाडीची होती ती संध्याकाळीच गेली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. अपूर्वाचा मला फोन आला की निलेश उठून गॅलरीत जातो. मी फार विचार केला. निलेशचं खरं आहे. अपूर्वाचंही खरं आहे. मी न्यायाधीश असते तरी मला निकाल देता आला नसता.

एक गोष्ट मात्र निलेशला माहीत नाही, ती इथे लिहिते. मी तिला फोनवर विचारलं होतं, "तुझं हे विमान बाबाच्या चौकीवर उतरलं असतं का गं?" मग म्हणाली, "नाही सांगता येत, आजी. एवढ्या उंचीवर त्याचाही दम संपतो. खालच्या तळावरून मोठ्या हॉस्पिटलात एका दमात नेलं असतं, पण चौकीवर... मी ते कागदात खोटं नाही लिहिलं." निलेश, तुला वाटतं पोरगी विमानाच्या प्रेमात बापाला विसरली. ती त्याच्या चौकीपर्यंत मोजून आली आहे.

पाच. धम्मपालची काळी लोखंडी पेटी, फौजेने पाठवलेली, आमच्या माळ्यावर आहे. आत त्याची लोकरी टोपी, बर्फाचा चष्मा, बूट आणि पॉलिशची डबी आहे. निलेशने ती वर चढवली, तेव्हापासून खाली काढू दिली नाही. ती मी अपूर्वाला देते.

मला इथे लिहायचं होतं की दोघं बोलतील तरच खोली, बोलतील तरच पेटी. मायाताई म्हणाल्या, "आजी, अशी अट कोर्टात टिकत नाही. बोलले की नाही, कोण तपासणार?" म्हणून अट खोडली. खोली तशीच दिली, पेटी तशीच दिली. एवढं सगळं माझ्या हातात आहे, हे एकच नाही, याचं फार वाईट वाटतं.

सहा. हे सगळं वैशालीने पार पाडावं. ती उगीच रडत नाही.

चष्मा सापडेना म्हणून काल हा कागद निलेशकडूनच वाचून घेतला. स्वतःच्या खोलीचं कलम भराभर वाचून टाकलं. पोरगी मोजून आली तिथे थांबला, तेवढंच पुन्हा वाचलं, मनात. पेटीचं कलम झाल्यावर माळ्याकडे बघत म्हणाला, "जड आहे ती. एकटी कशी नेईल?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तिला विचार."

अजून विचारलेलं नाही. आज सकाळी मात्र माळ्याची शिडी आणून भिंतीला लावून ठेवली आहे. जाता-येता सगळ्यांना लागते, पण मी ती काढू देत नाही.

ज्याला मिळणार त्याने साक्षीला थांबू नये, म्हणून निलेशला गॅलरीत उभं करून, खालील दोघांसमोर मी माझ्या हाताने सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: कमलाबाई भिवा कासारे

साक्षीदार:
१. मालन विठ्ठल लाड, लालबाग (सही)
२. जयवंत सखाराम घाडी, माहीम (सही)