कार्डांची मागची बाजू

२ फेब्रु., सोम.
आमच्या नव्या साहेबाने, वरुणने, कार्डांचा खोका मागितला. सव्वीस वर्षं मी जर्मन नकाशांतले जहाजबांधणीचे शब्द इंग्रजीत आणले, एका शब्दाला एक कार्ड. शिपयार्ड आता त्याचं पुस्तक छापणार, कॉम्प्युटरलाही शिकवणार. मार्चअखेर मी घरी.
"काकू, फ्रंट साइडच स्कॅन करू. मागे तुमचे मराठी स्क्रिबल्स आहेत ना?"
इथेच शारजात वाढलेला मुलगा. मराठी बोलतो, वाचता येत नाही. स्क्रिबल्स म्हणे.

३, मंगळ.
मागे काय आहे ते मलाच माहीत. कोणती वस्तू, कुठल्या जहाजावर पाहिली, कोणी दाखवली. बहुतेक ठिकाणी इब्राहिमभाई. दाभोळचे, ड्रायडॉकचे (जहाज दुरुस्तीच्या कोरड्या गोदीचे) तेव्हाचे फोरमन. कॉन्व्हेंटात सिस्टरनी जर्मन शब्द घोकून घेतले, पण वस्तू दाखवायला त्यांच्याकडे तरी कुठे होती बिचाऱ्यांकडे. ती दाखवली इ.भाईंनी. "ओढणी खोचा बाई, हेल्मेट घाला. बघितल्याशिवाय लिहायचं नाय."
पहिल्या पानावर त्यांचं नाव घाल म्हटलं वरुणला.
"पॉलिसी नाहीये, काकू. तुमचंही नाव नाहीये."
माझी समजूत काढत होता.

५, गुरु.
स्कॅनिंग. 'किम्पालेन'चं कार्ड आलं. पहिल्या वर्षीचं, वस्तू न बघता डिक्शनरीवरून केलेलं, आणि चुकीचं.
डॉकमध्ये जहाज ठोकळ्यांवर बसतं. कण्याखालचे मधले ठोकळे भार घेतात, बाजूचे जहाज कलू देत नाहीत. किम्पालेन म्हणजे बाजूचे. मी मधल्यांचं नाव टाइप केलं. इ.भाईंनी खाली नेऊन दाखवलं तोवर कार्डावर तेव्हाच्या साहेबांचा शिक्का पडला होता, म्हणून दुरुस्ती मागे, पेन्सिलने. पुढे प्रत्येक कागद माझ्याच हातून जायचा, त्यामुळे चाललं.
स्कॅनिंगच्या मुलीने कार्ड उचललं, काचेवर ठेवलं, काढलं. मी गप्प बसले. छापू देत. त्यांना पुढचीच बाजू हवी ना.

७, शनि.
इ.भाईंना दाभोळला फोन. गुडघे गेलेत, आवाज तोच.
"पुस्तक छापतायत? माझं नाव येईल काय त्यात?"
"बघते."
हसले. "किम्पालेन नीट केलात ना? पहिल्याच वर्षी माझं जहाज आडवं पाडणार होतात तुम्ही."
मी हो म्हणाले. त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.
लेक अल नहदाहून जेवायला आली. तिला सगळं सांगितलं. "आई, टेल देम. देअर आर पीपल अंडर दोज शिप्स." तिचं बरोबर आहे. राग मात्र तिचाच आला. जेवण झाल्यावर भांडीही घासू दिली नाहीत तिला. काय हे.

९, सोम.
सकाळी आठलाच वरुणच्या केबिनमध्ये. सांगितलं. हो, गुरुवारीच माहीत होतं, तेही सांगितलं. त्याने मेल उघडून तारीख पाहिली.
"लिस्ट शुक्रवारी डॉकला गेली, काकू. ते त्याच्यावरच काम करतायत. नेक्स्ट रिव्हिजनमध्ये घेऊ."
एक दिवस. गुरुवारी तोंड उघडलं असतं तर.
डॉकमध्ये काय चाललंय विचारलं. हॅम्बुर्गचं जहाज, काल बसवलं. तळाचा पत्रा बदलायचाय, जर्मन कागद म्हणतो सहा किम्पालेन काढा. माझ्या कार्डाप्रमाणे ते मधले, भार घेणारे. आज दुपारी.
"आत्ता फोन कर."
"मीटिंग संपली की लगेच करतो. डोन्ट पॅनिक."

त्याच दिवशी, दुपार
त्याच्या मीटिंगची वाट पाहिली नाही. खोक्यातून ते कार्ड काढलं, डॉकच्या गेटवर आले. माझा पास जानेवारीपासून बंद, मलाच माहीत नव्हतं. नवा फोरमन कोण, नंबर काय, काही ठाऊक नाही. एकेकाळी इथे सगळे नावाने ओळखायचे.
कार्डाच्या पुढच्या बाजूवर शिक्क्यावरूनच काट मारली, खरा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला, गार्डकडे दिलं. केरळचा आहे, भला माणूस. आत फोन लावला.
"कोई उठाता नहीं, मॅडम. मेसेज छोड़ दिया. देखेगा, इन्शाल्ला."
"फिरसे लगाओ."
लावतोय. मी बाहेर फुटपाथवर बसून हे लिहितेय, हाताला दुसरं काही काम नाही म्हणून.
भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपली. पिवळी हेल्मेटं रांगेने खाली डॉकमध्ये उतरतायत, कोणी तरी काही तरी म्हणालं, सगळे हसले. कार्ड अजून गार्डच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीखाली. इथून दिसतंय