पोट बिघडलेलं असताना तिला पोहायला नेलं

अगं, चिमणी आजीकडे आहे. तिचे जुलाब थांबलेत, पण आठवडाभर तिला पाण्यात उतरू देऊ नकोस. मी दवाखान्यात चाललोय. शेजारच्या वहिनींच्या बाळाला पहाटेपासून उलट्या-जुलाब होतायत, आता सलाईन लावलंय. डोळेही उघडत नाही म्हणे. शनिवारी तू कामावर गेल्यावर मी चिमणीला पोहायला नेलं आणि तुझ्यापासून लपवलं. वहिनीही बाळाला घेऊन तिथे आल्या होत्या. बाळ तिच्या शेजारीच डुंबत होतं, तेच पाणी गिळत होतं. डॉक्टरांना अजून कारण कळलेलं नाही, म्हणून मीच सांगायला जातोय. वहिनींनाही समोर उभं राहून सांगेन. चिमणीवर रागावू नकोस. "बाबा, आई नको म्हणालीये ना?" असं तिने मला दोनदा विचारलं होतं.