गुरुमांचा अंतरा

विष्णुपूर, सरस्वतीपूजेचा दिवस

मा, तुला आणि बाबांना प्रणाम.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

आज जे घडलं, ते तुला आजच लिहायला बसले. पूजा आटोपल्यावर गुरुजी दरवर्षीसारखे देवीपुढे बसंत राग गायला बसले. मी मागे तानपुऱ्यावर होते. स्थायी झाली आणि अंतऱ्याशी येऊन ते थांबले. शब्दच आठवेनात. हल्ली कधीकधी ते माझं नावही विसरतात. तू काळजी करू नकोस, वय झालंय इतकंच.

पखवाज थांबला. अंतरा मला येत होता, पण माझं तोंडच उघडेना.

तेवढ्यात मागे प्रसादाची फळं चिरणाऱ्या बायकांमधून आवाज उठला. गुरुमा! गुरुजींचा संसार सांभाळणाऱ्या त्यांना चार वर्षांत मी साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. अर्धी चिरलेली काकडी हातात धरून त्यांनी अख्खा अंतरा म्हटला, एक सूर इकडचा तिकडे नाही.

गुरुजी वळले. "अगं, हे तू कुठे शिकलीस?"

"तुमच्या बाबांकडे. तुम्ही दौऱ्यावर जायचात ना, तेव्हा."

"चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

गुरुजी आसनावर बाजूला सरकले आणि म्हणाले, "इथे ये. पुढचं तू सांग, मी मागून म्हणतो."

मा, तू कधी गायचीस का गं? मीही कधी विचारलं नाही. खरं ते लिही.

तुझी टुनू